फोनमधलं ‘मायनस १०५’ म्हणजे नेमकं काय? शिरूर-दौंडच्या रेंजचं गणित आणि घरगुती बूस्टरचा घोळ

गणपती आले की डेसिबल हा शब्द दरवर्षी बातम्यांमध्ये येतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि डीजे तिच्या कितीतरी वर. त्यामुळे डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण या मापाचा जन्म डीजेसाठी झालेला नाही. ते तयार झालं टेलिफोनच्या तारेसाठी. आणि आजही ते तुमच्या खिशात आहे.

अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यात ‘सिम स्टेटस’ उघडा. तिथे ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’च्या पुढे मायनस ८७ डीबीएम, मायनस १०५ डीबीएम असा काहीतरी आकडा दिसेल. वर दिसणाऱ्या कांड्यांपेक्षा हा आकडा जास्त खरा. कारण किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या याचा सगळ्यांसाठी एकच असा नियम नाही, प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. एकाच ओट्यावर बसलेल्या दोघांच्या फोनवर, सिम एकाच कंपनीचं असूनही, एकाला दोन आणि दुसऱ्याला चार कांड्या दिसतात ते म्हणूनच.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, भीमेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा आकडा समजून घेण्याला वेगळं महत्त्व आहे. दोन्हीकडे उसाचा पट्टा, गावठाणापासून लांब रानात विखुरलेल्या वस्त्या, आणि शेतीला रात्रीची वीज असली की अंधारात मोटार चालू करायला जाणारी माणसं. शिरूर तालुका जुन्नर वन विभागात येतो, म्हणजे थेट बिबट्याच्या मुलखात. अशा ठिकाणी फोन लागणं ही चैन नाही. म्हणूनच ऑनलाइन काही हजारांत मिळणारा ‘मोबाईल सिग्नल बूस्टर’ अनेकांना आकर्षक वाटतो. अँटेना छपरावर लावा, डबा घरात ठेवा, रेंज फुल!

हा डबा नेमकं काय करतो, आणि तो लावल्यावर कधीकधी अख्ख्या वाडीची रेंज का जाते, हे समजायचं तर आधी जुन्या टेलिफोनच्या तारेवरून चालत जावं लागेल.

एक मैल तार म्हणजे एक माप

तारेतून जाणारा आवाज अंतरानुसार मंदावत जातो. पण तो ‘वजाबाकी’ने कमी होत नाही, ‘भागाकारा’ने होतो. समजा एका किलोमीटरमध्ये ताकद तीन चतुर्थांश उरली, तर पुढच्या किलोमीटरला उरलेल्याच्या तीन चतुर्थांश, त्याच्या पुढे पुन्हा त्याच्या तीन चतुर्थांश. शंभर किलोमीटरच्या तारेचा असा हिशोब करायचा म्हणजे शंभर गुणाकार.

अमेरिकेतल्या टेलिफोन इंजिनिअरांनी सुरुवातीला यावर साधी युक्ती केली होती. एका ठरावीक जाडीच्या केबलच्या एका मैलात जेवढी घट होते, तेच एकक. ही लाइन ‘दहा मैलांची’, ती ‘तीस मैलांची’. पण खऱ्या केबलमध्ये उंच आणि खालच्या सुरांची घट वेगवेगळी होते, त्यामुळे केबलच्या तुकड्यावर बांधलेलं माप डळमळीत होतं. १९२० च्या दशकात बेल कंपनीने केबल बाजूला ठेवली आणि शुद्ध गणितावर नवं एकक बांधलं. १९२८ मध्ये त्याला नाव मिळालं डेसिबल. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून ‘बेल’, आणि त्याचा दहावा भाग म्हणून ‘डेसि’.

गणित एवढंच: ताकद दहापट झाली की १० डेसिबल वाढले. शंभरपट म्हणजे २०, हजारपट म्हणजे ३०. दुप्पट म्हणजे साधारण ३. निम्मी झाली तर मायनस ३. थोडक्यात, गुणाकाराच्या जागी बेरीज येते आणि भागाकाराच्या जागी वजाबाकी. तारेत ८ डेसिबल गेले, जोडात १ गेला, ॲम्प्लिफायरने २० दिले, तर हिशोब झाला अधिक ११. लाइनमनला वहीच्या मागच्या पानावर करता येईल असा.

नुसता डेसिबल फक्त तुलना सांगतो, कशाच्या तुलनेत ते सांगत नाही. म्हणून पुढे ‘एम’ जोडला गेला. डीबीएम म्हणजे एक मिलीवॅटच्या तुलनेत. एक मिलीवॅट म्हणजे शून्य डीबीएम. त्यामुळे शून्य म्हणजे ‘काहीच नाही’ असं नाही, आणि मायनस म्हणजे ‘उलटी वीज’ असंही नाही. मायनस म्हणजे एक मिलीवॅटपेक्षा कमी, बस. फोनवरचे मायनस १०० डीबीएम म्हणजे एका मिलीवॅटचे हजार कोटी भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा सिग्नलवर तुमचा व्हिडिओ कॉल चालू असतो, ही खरं तर कमालच आहे.

पुण्याहून शिरूरला आवाज न्यायचाय

पुणे ते शिरूर रस्त्याने सुमारे ६७ किलोमीटर. घरापर्यंत यायची तशी अर्ध्या मिलिमीटरची साधी तांब्याची टेलिफोन केबल थेट पुण्याहून शिरूरपर्यंत टाकली, असं समजू. (प्रत्यक्षात ट्रंक लाइनला जाड तारा असायच्या आणि घट कमी करायला वाटेत ठरावीक अंतरावर लोडिंग कॉइल बसवलेल्या असायच्या. पण आकडेमोड कळायला हे उदाहरण बरं.) अशा केबलमध्ये बोलण्याच्या आवाजाची किलोमीटरमागे साधारण १.२ डेसिबल घट होते. ६७ किलोमीटरला झाले ८० डेसिबल. म्हणजे पुण्यात सोडलेला एक मिलीवॅट शिरूरला पोहोचेपर्यंत दहा कोटी पटींनी लहान झालेला. पातळी मायनस ८० डीबीएम.

ॲम्प्लिफायर लावायचा हे उघड आहे. प्रश्न असा की, कुठे?

पहिला पर्याय शिरूरच्या टोकाला. ८० डेसिबल गेले, तर तिथे ८० डेसिबलचा ॲम्प्लिफायर लावा, हिशोब मिटला. पण तारेवर फक्त आवाज नसतो, खरखरही असते. शेजारच्या विजेच्या तारांची गुणगुण, लूज जोड, आणि खुद्द तारेतली उष्णतेची हालचाल. ही खरखर मायनस ७० डीबीएम आहे असं धरू. शिरूरला आवाज आलाय मायनस ८०, म्हणजे खरखरीच्याही १० डेसिबल खाली. ॲम्प्लिफायर दोन्हींना सारखंच वाढवणार. कुठलं माणसाचं बोलणं आणि कुठली खरखर, हे त्याला कळत नाही. आवाज शून्यावर येईल, खरखर अधिक १० वर. ऐकणाऱ्याला आधी हळू खरखर ऐकू येत होती, आता मोठ्याने येईल. एवढाच फरक.

दुसरा पर्याय पुण्याच्या टोकाला. आधीच ८० डेसिबल वाढवून सोडायचा, म्हणजे शिरूरला बरोबर शून्य पोहोचेल. कागदावर झकास. पण अधिक ८० डीबीएम म्हणजे १०० किलोवॅट! पाच एचपीच्या पंचवीसेक मोटारी चालतील एवढी वीज, बारीकशा तारेत. तार राहणार नाही. याच्या शंभरावा भाग जरी सोडला तरी त्याच केबलमधल्या शेजारच्या जोड्यांमध्ये तो आवाज झिरपेल. जुन्या लोकांना ‘क्रॉस कनेक्शन’ आठवत असेल; आपल्या फोनवर भलत्याच कुणाच्या तरी लग्नाची बोलणी ऐकू यायची. त्याची कारणं अनेक असत, भिजलेल्या केबलपासून चुकलेल्या जोडापर्यंत. पण गरजेपेक्षा जास्त लेव्हलने सोडलेला आवाज शेजाऱ्याच्या तारेत घुसतो, हे त्यातलं एक पक्कं कारण.

मग उरतो तिसरा पर्याय. वाटेत थांबत जायचं. दर १७ किलोमीटरला, म्हणजे अंदाजे वाघोली, मग कोरेगाव भीमा ओलांडल्यावर, पुढे रांजणगाव आणि शेवटी शिरूर, असे २० डेसिबलचे चार ॲम्प्लिफायर. आवाज शून्यावरून निघतो, मायनस २० पर्यंत उतरतो, पुन्हा शून्यावर येतो, पुन्हा उतरतो. खरखर मायनस ७० ला आहे आणि आवाज कधीही मायनस २० च्या खाली जात नाही, त्यामुळे प्रत्येक टप्प्यात ५० डेसिबलचं अंतर राहतं. चार टप्प्यांची खरखर एकत्र झाली की त्यातले ६ डेसिबल जातात. तरीही शिरूरला आवाज खरखरीच्या ४४ डेसिबल वर. म्हणजे पंचवीस हजार पट.

एकूण वाढ तिन्ही पर्यायांत तेवढीच, ८० डेसिबल. पहिल्यात खरखर, दुसऱ्यात आग, तिसऱ्यात स्वच्छ आवाज. फरक पडला तो वाढ कुठे केली यामुळे. टेलिफोन खात्यातल्या माणसांच्या तोंडी ‘लेव्हल’ हा शब्द एवढा का असायचा, त्याचं उत्तर इथे आहे. सिग्नल खरखरीत बुडायच्या आत त्याला वर उचलायचं, आणि शेजाऱ्याला त्रास होईल इतकं उचलायचं नाही. या दोन रेषांच्या मधून लाइन न्यायची.

ट्रंक कॉलवर आजोबा एवढ्या मोठ्याने का ओरडायचे, याचंही उत्तर यातच आहे. लोक हसायचे, की एवढं ओरडायचं तर फोन कशाला, पुण्याला तसंच ऐकू गेलं असतं. पण ओरडणं हा अगदी शास्त्रशुद्ध उपाय होता. खरखर मिसळायच्या आधी, मुळाशीच लेव्हल वाढवणारा तो एकमेव ॲम्प्लिफायर ग्राहकाच्या हातात, म्हणजे गळ्यात होता.

आवाज दोन्हीकडून येतो, इथे खरी पंचाईत

ॲम्प्लिफायर एकाच दिशेने काम करतो. टेलिफोनवर मात्र दोघं बोलतात, आणि तेही बऱ्याचदा त्याच दोन तारांवरून. मग वाटेतल्या ठाण्यात दोन ॲम्प्लिफायर लावावे लागतात, एक जाणाऱ्या आवाजाला, एक येणाऱ्या. जाणारा आणि येणारा आवाज वेगळा करायला ‘हायब्रिड’ नावाचा एक खास ट्रान्सफॉर्मर असतो. पण तो शंभर टक्के वेगळं करू शकत नाही. थोडा आवाज गळतोच.

आता बघा काय होतं. पहिल्या ॲम्प्लिफायरने वाढवलेला आवाज गळून दुसऱ्यात शिरला, दुसऱ्याने वाढवून तो पुन्हा पहिल्याकडे दिला. गळतीत जितके डेसिबल जातात त्यापेक्षा ॲम्प्लिफायर जास्त देत असतील तर आवाज फिरत-फिरत वाढतच जातो आणि लाइन शिट्टी मारायला लागते. सभेत माइक स्पीकरसमोर आला की कानठळ्या बसवणारी जी ‘कुँईं’ येते, ती हीच. टेलिफोनच्या भाषेत याला लाइन ‘गायला लागली’ म्हणत. गाणारी लाइन कुणाच्याच कामाची नाही. म्हणून अशा ठाण्यातली वाढ नेहमी जपून ठेवावी लागे. आणखी वाढवता येत नव्हतं असं नाही, पण गळती त्याहून जास्त परवडत नव्हती. लांबच्या मार्गांवर पुढे जायला एक जोडी आणि यायला वेगळी जोडी, अशा चार तारा वापरायला लागले ते याच भानगडीतून सुटायला.

दौंडला याचंच वेगळं रूप होतं. दौंड म्हणजे पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामतीचे मार्ग जिथे मिळतात ते जंक्शन. रेल्वेचा सेक्शन कंट्रोलर आणि वाटेतली सगळी स्टेशनं एकाच कंट्रोल फोनच्या लाइनवर बोलायची, ही भारतीय रेल्वेची जुनी पद्धत. पुण्याकडून येताना लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस, दौंड असं एकाच दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे फोन. प्रत्येक फोन लाइनमधून थोडीशी ताकद खातो, म्हणून ते फोनही कमीत कमी खाणारे बनवलेले असत. आणि एखाद्या स्टेशनात फोन नुसता उचलून ठेवला तरी सगळ्यांची लेव्हल थोडी उतरणार, वर त्या खोलीतला गोंधळ सगळ्यांच्या कानात. एकाचा निष्काळजीपणा सगळ्या लाइनला भोवतो, हे लक्षात ठेवा. थोड्या वेळात लागणार आहे.

रेल्वेत आता फायबर आणि डिजिटल यंत्रणा आल्या. शिरूरचा ०२१३८ आणि दौंडचा ०२११७ हे एसटीडी कोडही आता फारसे कुणी फिरवत नाही. पण तारेवरचं ते सगळं गणित मोबाईलने जसंच्या तसं उचललंय.

टॉवर ओरडतो, तुमचा फोन कुजबुजतो

मोबाईलचा टॉवर एका अँटेनातून साधारण ४० वॅटपर्यंत ताकद सोडू शकतो, म्हणजे अधिक ४६ डीबीएम. तुमचा ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट, म्हणजे अधिक २३. फरक २३ डेसिबलचा, २०० पट. ‘मला तुमचं ऐकू येतंय, तुम्हाला माझं येतंय का?’ हा शेतातल्या वस्तीवरचा रोजचा संवाद या २०० पटीतून येतो.

ही तूट भरून काढायला टॉवरचा कान फार तिखट ठेवलेला असतो. कोसभर लांबून येणारी फोनची कुजबुज त्याला ऐकायची असते. आणि तो एकट्या तुमचं ऐकत नसतो, त्या बाजूच्या सगळ्या वाड्या-वस्त्यांचं एकाच वेळी ऐकत असतो. रेल्वेच्या त्या कंट्रोल फोनसारखं.

आता बूस्टर. त्याला दोन अँटेना असतात, एक छपरावर, एक घरात. टॉवरचा सिग्नल घ्यायचा, वाढवून घरात सोडायचा. घरातल्या फोनचा घ्यायचा, वाढवून टॉवरकडे सोडायचा. म्हणजे दोन दिशांचे दोन ॲम्प्लिफायर! तोच जुना ट्रंक लाइनचा डबा, फक्त तारेऐवजी हवेत. आणि दुखणंही तेच. घरातल्या अँटेनातून निघालेला सिग्नल भिंतीतून, पत्र्याच्या फटीतून छपरावरच्या अँटेनापर्यंत गळतो. डब्याची वाढ ७० डेसिबल असेल तर दोन अँटेनांमधली आडकाठी ७० डेसिबलपेक्षा बरीच जास्त हवी. चांगल्या प्रतीचा डबा गळती ओळखून स्वतःची वाढ कमी करतो. स्वस्तातला करत नाही. तो गायला लागतो.

ही शिट्टी माणसाला ऐकू येत नाही. ती ऐकू येते टॉवरला, आणि ती वाढवून थेट त्याच्या तिखट कानात सोडलेली असते. त्या बाजूच्या सगळ्या फोनची कुजबुज तिच्यात बुडते. गाणं नाही म्हटलं, तरी स्वस्त डबा चोवीस तास आपली खरखर टॉवरकडे फेकत राहतोच. गंमत अशी की, ज्याच्या घरात डबा आहे त्याच्या फोनवर कांड्या फुल. शेजारच्या वस्तीवरही कांड्या दिसतात, कारण टॉवरचं ओरडणं सगळ्यांना येतंय. फक्त कॉल लागत नाही. लोक कंपनीला शिव्या घालतात, आणि कारण असतं दोन वावरं पलीकडच्या छपरावर.

म्हणूनच भारतात परवान्याशिवाय असा रिपीटर विकणं, बाळगणं आणि लावणं बेकायदा आहे. मोबाईल कंपनी स्वतः तो लावू शकते. ग्राहकाने परस्पर आणून बसवायचा नाही. दूरसंचार विभाग अशा बूस्टरवर वेळोवेळी कारवाई करतो. ऑनलाइन सहज मिळतो म्हणजे कायदेशीर, असा समज करून घेऊ नका.

मग रेंजचं करायचं काय?

आधी आकडा बघा. ४जीवर मायनस ८० ते ९० असेल तर मजेत. मायनस १०० ते ११० म्हणजे चालेल, पण तक्रार करत. मायनस ११५ च्या खाली कॉल तुटणार हे धरून चाला. आकडा चांगला असूनही कॉल लागत नसेल, तर अडचण ताकदीची नाही. गर्दीची किंवा खरखरीची आहे, आणि तिथे कुठलाही बूस्टर उपयोगाचा नाही.

घरात फिरून बघा. मोकळ्या जागेत टॉवरपासूनचं अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, पण पत्र्याची एखादी भिंत त्याहून कितीतरी जास्त खाते. फोन खिडकीत किंवा माळ्यावर नेल्याने १०-१५ डेसिबल मिळणं अवघड नाही, आणि हा ‘बूस्टर’ फुकट आहे. रात्री अडचणीत असाल आणि स्वतःच्या कंपनीची रेंज अजिबात नसेल, तरी ११२ फिरवून बघा. आपत्कालीन कॉल जवळ ज्या कुठल्या कंपनीचं नेटवर्क पकडेल त्यावरून जाऊ शकतो.

घरापर्यंत इंटरनेटची फायबर आली असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करणं हा सगळ्यात सरळ उपाय. बहुतेक नव्या फोनमध्ये ते सेटिंग्जमध्ये असतं. वाय-फायचा रिपीटर घरात लावायला कसलाही परवाना लागत नाही, त्याची आणि मोबाईल बूस्टरची गल्लत करू नका.

आणि फायबर म्हणजे काय याचा अंदाज हवा असेल तर पुन्हा तोच पुणे-शिरूरचा रस्ता घ्या. तांब्याच्या त्या केबलमध्ये ८० डेसिबल गेले होते. काचेच्या तंतूत लांब पल्ल्याच्या प्रकाशाची घट किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल. ६७ किलोमीटरला साडेतेरा. वाटेत एकही ॲम्प्लिफायर नाही, ना वाघोलीला, ना रांजणगावला.

घरी फायबर जोडायला येणारा मुलगा एक छोटं मीटर लावून ‘पॉवर मायनस एकवीस येतेय, ओके’ म्हणतो, ते हेच डीबीएम. घरगुती जोडणीत एकाच तंतूतला प्रकाश स्प्लिटरने वाटून दिलेला असतो. ३२ घरांत वाटला की साधारण १७ डेसिबल तिथेच जातात. मायनस २७ च्या आसपास मोडेम हात टेकतो आणि ‘एलओएस’चा लाल दिवा लागतो. तो लागला तर कस्टमर केअरला फोन करण्याआधी भिंतीकडची वायर बघा. टीव्हीच्या कपाटामागे ती काटकोनात दुमडलेली असेल, तर पाच-सात डेसिबल तिथेच सांडतायत.